कॉफीची नावे
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली. तेव्हा चुलीपाशी कळते तेच बोलते.

आपल्याकडे लग्नात वाफेच्या यंत्रावरची फेसाळ, गोड, दुधाळ कॉफी देतात, तिला आपण ‘एस्प्रेसो’ म्हणतो. खरी एस्प्रेसो निराळी. बारीक दळलेल्या कॉफीतून कढत पाणी मोठ्या दाबाने २५-३० सेकंदांत काढतात. निघतो तो जेमतेम ३० मिलिलिटर काळा, कडू अर्क. रीत इटलीची, मिलानच्या लुइजी बेझ्झेरा यांनी १९०१ साली वाफेच्या दाबावर पेल्यागणिक कॉफी काढणारे यंत्र केले.

बाकीची नावे या एकाच अर्काची. त्यात गरम पाणी घातले की अमेरिकानो. वाफेने तापवलेले दूध व वर जाड फेस, ती कापुचिनो. दूध जास्त, फेस पातळ, ती लाटे. चॉकलेट घातले की मोका. कणीक पाण्यात भिजवली तर पोळी, दुधात भिजवली तर दशमी, तसेच हे.

पुण्या-मुंबईस मुले-सुना विचारतात, “आई, काय घेणार?” आपण म्हणतो, “काहीही चालेल.” बायांनो, जन्मभर हेच म्हणत आलो. आता आवडीचे नाव सांगावे. कॉफी नकोच असेल तर “चहा” म्हणावे, पण ठणकावून म्हणावे!