‘साहेब’ म्हणू नका, ‘खोटारडा’ही म्हणू नका

आम्ही मीरा-भाईंदरमधल्या उत्तनच्या बचत गटाच्या बाया बोलतोय.

आमच्यातल्या एका ताईचा धाकटा भाऊ म्हणायला लागला, “मी या घरचा नाही, मी कलेक्टर आहे.” आधी आम्ही हसलो. गल्लीतली पोरं ‘साहेब, साहेब’ करत सलाम ठोकायची. घरचे ओरडायचे, “कसला कलेक्टर? दहावी नापास तू!” कुणी म्हणालं, बाहेरचं झालंय. भाऊ जेवेनासा झाला, झोपेनासा झाला.

आशाताईंनी समजावलं, हा आजार आहे. किती पुरावे दिले तरी न हलणाऱ्या अशा समजुतीला डॉक्टर ‘भ्रम’ म्हणतात.

मग आम्हाला वाटलं, आपणच शिपाई, कारकून होऊन नाटक केलं तर? तशी नाटकातून उपचार करायची पद्धत आहे. व्हिएन्नात शिकलेले डॉक्टर मोरेनो यांनी ती सुरू केली. पण ते शिकलेल्या माणसांचं काम. फसवून केलेलं सोंग वेगळं. १९५९ साली अमेरिकेत इप्सिलांटीच्या मनोरुग्णालयात तीन रुग्ण होते. प्रत्येकजण म्हणे, मीच येशू. मिल्टन रोकीच या मानसशास्त्रज्ञांनी तिघांना एकत्र ठेवलं, खोट्या नावानं पत्रंही पाठवली. दोन वर्षं झाली, कुणीही बरा झाला नाही. पुढे रोकीच यांनीच कबूल केलं, असा खेळ करायचा मला हक्क नव्हता.

म्हणून आम्ही नाटक केलं, पण भावासमोर नाही. गटाच्या बैठकीत, आपल्याआपल्यात. ताई झाली भाऊ. आम्ही चौघी तिच्यावर ओरडलो, हसलो. दोन मिनिटांत तिचे डोळे भरले. म्हणाली, “मी खोटं बोलत नव्हते गं, मला तसंच वाटत होतं. आणि माझं म्हणून कुणीच नव्हतं.”

पुन्हा नाटक केलं. या वेळी एकीनं शेजारी बसून हळू म्हटलं, “तुला तसं वाटतंय, कळलं. मला तसं दिसत नाही. पण तुला झोप नाही, त्रास होतोय. त्यासाठी डॉक्टरांकडे जाऊ. मी येते सोबत.” वाद नाही, होकारही नाही. हेच वाक्य ताईनं घरी वापरलं. तिसऱ्या दिवशी भाऊ तयार झाला.

आता त्याची गोळ्या-औषधं चालू आहेत. कधीकधी अजूनही कलेक्टर म्हणतो. पण जेवतो, झोपतो, ताईबरोबर बोंबील वाळत घालतो.

मैत्रिणींनो, नाटक औषधाची जागा घेत नाही. ते आपली जीभ सुधारतं, एवढंच. औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. आमच्या जिल्ह्यात ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. तुमच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो. रुग्ण स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करेल असं वाटलं, तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

पुढच्या बैठकीत एकदा हे नाटक करून बघा. रुग्णाची जागा प्रत्येकीनं घ्या.