उद्यानाच्या जागी इस्पितळ



बेंगळूरच्या राजमहाल विलास विस्तार भागात एक भूखंड सार्वजनिक उद्यानासाठी राखून ठेवलेला होता. तो एका खासगी संस्थेला इस्पितळासाठी देऊन टाकला गेला, तोही मुख्यमंत्र्यांच्या आदेशावरून. रहिवासी कोर्टात गेले. इस्पितळही लोकांच्याच भल्याचं, मग बिघडलं कुठे, हा युक्तिवाद तेव्हा झाला. उच्च न्यायालयाने ते वाटप रद्द केलं आणि 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला.

मला हा खटला आरोग्याचाही वाटतो. आजारी पडल्यावर लागणाऱ्या खाटांना आपण आरोग्यसेवा म्हणतो, आणि माणूस आजारी पडू नये म्हणून लागणाऱ्या मोकळ्या जागेला सुशोभीकरण. महापालिकेत आरोग्य खातं वेगळं, उद्यान खातं वेगळं. डेंग्यूचा आढावा घेणाऱ्या बैठकीला उद्यान अधीक्षकांना कोण बोलावतं?

संशोधक रॉजर उलरिक यांनी 1984 साली पेनसिल्व्हेनियातल्या एका इस्पितळातल्या नोंदींवर निबंध प्रसिद्ध केला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या काही रुग्णांना खिडकीतून झाडं दिसत, काहींना विटांची भिंत. झाडं दिसणारे सरासरीने लवकर घरी गेले, त्यांना कडक वेदनाशामकंही कमी लागली. रुग्ण 46च होते, त्यामुळे याचा फार मोठा डंका पिटू नये. पण उन्हाळ्यात झाडाखाली काय होतं, ते समजायला निबंधही लागत नाही. पानांतून पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता खर्ची पडते. काँक्रीट मात्र दिवसभर तापतं आणि रात्री ती धग परत सोडतं. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्याला त्या रात्री झोप मिळत नाही, आणि सकाळी त्याला उन्हातच कामावर जायचं असतं.

आता आपल्या बागा पाहा. त्यातल्या कितीतरी दुपारी कुलूपबंद असतात! सकाळ-संध्याकाळ फिरणाऱ्यांची सोय होते, याचा मला आनंदच आहे. पण भर दुपारी सावली हवी असते ती पार्सल पोचवणाऱ्या मुलाला, दोन घरांच्या धुण्याभांड्यांमध्ये तासभर मोकळा मिळालेल्या बाईला. नेमकं त्यांच्यासाठी फाटक बंद असतं, हे मला अन्यायाचं वाटतं. देखभालीसाठी बंद ठेवतात म्हणाल, तर झाडलोट, पाणी घालणं ही कामं एकेका भागात आलटूनपालटून करता येतात.

याहून मोठं नुकसान कागदावर होतं. आपल्या महाराष्ट्राच्या 1966च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याचं कलम 127 असं, की आराखड्यातली आरक्षित जागा 10 वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण संपतं. यात मालकाला मी दोष देत नाही. त्याची जमीन वर्षानुवर्षं अडकलेली असते. दोष आहे तो पैसे न ठेवणाऱ्या अंदाजपत्रकाचा. बागेची जागा अशी गेली, तर मोर्चा निघत नाही, कारण तिथे बाग होणार होती हेच शेजाऱ्यांना ठाऊक नसतं.

पुणे महापालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं सुचवून घेते. तिथे आपण बाकं आणि फरसबंदी मागतो. या वर्षी आपल्या प्रभागातल्या उद्यान-आरक्षणांची यादी मागा. कुठल्या जागेवर नोटीस आली आहे, तिची मुदत कधी संपते, भरपाईसाठी किती तरतूद आहे, हे लेखी विचारा.