कोणती शाळा चांगली?

(उपकारस्तुतीच्या रविवारी मंडळीपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)





जव्हार-मोखाड्याकडील शिक्षणाच्या कामाबद्दल थोडे सांगा, असे पाळकसाहेबांनी मला सुचवले. तिकडे कोणती शाळा चांगली, असे आपल्यापैकी पुष्कळांनी मला विचारले आहे. प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण यंदा आलेल्या अर्पणातून तिथे इंग्रजी माध्यमाची निवासी शाळा बांधावी, असा एक विचार समितीपुढे आहे.

पालघर जिल्ह्यातल्या या डोंगराळ तालुक्यांत सरकारी पैशावर चालणाऱ्या मुख्यतः चार तऱ्हेच्या शाळा आहेत. पहिली पाड्यावरची जिल्हा परिषदेची शाळा, बहुधा चौथी-पाचवीपर्यंत. दुसरी आदिवासी विकास विभागाची शासकीय आश्रमशाळा. तिथे राहणे, जेवण, पुस्तके, गणवेश सगळे मोफत. तिसरी संस्थेने चालवलेली अनुदानित आश्रमशाळा. चौथी केंद्र सरकारच्या योजनेतली एकलव्य निवासी शाळा, सहावी ते बारावी. याशिवाय काही मुलांना सरकार स्वतःच्या खर्चाने शहरांतल्या नामांकित इंग्रजी शाळांत पाठवते.

इमारत पाहिली तर एकलव्य शाळा उठून दिसते. निकालही तिचाच चांगला लागावा, यात नवल नाही. पण तिथे प्रवेश परीक्षा घेऊन मिळतो. म्हणजे पाचवीपर्यंत जे मूल टिकले, वाचायला शिकले, त्यालाच ते दार उघडते. त्याला वाचायला कोणी शिकवले? बहुतेक वेळा पाड्यावरच्या त्या दोन खोल्यांच्या शाळेनेच. म्हणून निकालाचे तक्ते शेजारी ठेवून शाळांची तुलना केली तर पाड्यावरच्या शाळेवर अन्याय होतो. ती कोणालाच परत पाठवत नाही. कातकऱ्याचे मूल, वारल्याचे मूल, धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन आलेली मुलगी, सगळी तिच्याच पटावर असतात.

या शाळेच्या अडचणीही सांगतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार साठपर्यंत पट असला की दोन शिक्षक मिळतात. दोघांनी चार-पाच इयत्ता सांभाळायच्या. त्यातला एक बैठकीला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला, की उरलेल्या एकाकडे सगळी शाळा. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, असे नियम सांगतात. पण पावसाळ्यात मध्ये ओढा भरून वाहत असेल, तर सहा वर्षांच्या लेकराला तेवढे अंतरही ओलांडता येत नाही. 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूहशाळा करण्याचे प्रस्ताव सरकारने मागवले, तेव्हा पाड्यांवरची माणसे धास्तावली ती यामुळेच.

दुसरी अडचण भाषेची. घरी वारली, कोकणा किंवा कातकरी बोलणारे मूल पहिलीत येते आणि पुस्तकातली मराठी ऐकून गप्प बसते. ते मंद आहे असे आपण समजतो. शक्य असेल तिथे मातृभाषेतून शिकवावे, असे कायदाही सांगतो. मी पाहिले आहे, त्याच पाड्यावरची एखादी शिकलेली सून वर्गात बसून त्यांच्या बोलीत गोष्ट सांगू लागली, की तीच मुले एकमेकांच्या पुढे होऊन उत्तरे देतात.

तिसरी अडचण पोटाची. भातकापणी आणि दिवाळी झाली की अनेक कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर आणि रेतीच्या कामाला जातात. मुलेही सोबत जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मधले सगळे महिने अभ्यास बुडतो. मुलांना गावातच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. पण घरी आजी आहे, तिला दोन वेळचे रांधायला धान्य आहे, संध्याकाळी कोणी विचारपूस करते, एवढे जमले तरच मूल मागे राहते.

मग आश्रमशाळा नको का? हवी. पाचवीनंतर तिच्यावाचून पुढचा रस्ता नाही. दूरच्या, एकेकट्या घरांतल्या मुलांना तर पहिलीपासूनच तिचा आधार आहे. पण सहा वर्षांचे मूल आईपासून तोडून वसतिगृहात घालणे, हा शेवटचा उपाय असावा असे मला वाटते. याच जिल्ह्यात कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळा चालवली. मुले गुरांमागे रानात जात, म्हणून शाळाच रानात गेली. मुलाने शाळेपर्यंत पोहोचावे, ही जबाबदारी त्या दोघींनी मुलावर टाकली नाही.

म्हणून समितीला माझी नम्र विनंती आहे. नवी इमारत बांधली तर आपण फार तर काहीशे मुले निवडू, आणि तीही बहुधा पाड्यावरच्या शाळेतली हुशार मुले. पट घटला की ती शाळा बंद पडण्याची भीती वाढते, आणि मागे उरणाऱ्या मुलांना मग शाळाच राहत नाही. त्याऐवजी आपले अर्पण दोन गोष्टींना लावू या. एक, पाड्यावरच्याच, तिथली बोली बोलणाऱ्या बायांना मानधन देऊन पहिली-दुसरीच्या वर्गात शिक्षकांच्या मदतीला बसवणे. दोन, स्थलांतराच्या महिन्यांत मागे राहणाऱ्या मुलांच्या संध्याकाळच्या जेवणाची आणि अभ्यासाची सोय. या कामाला कोनशिला बसत नाही, दारावर आपले नाव लागत नाही. पण शंभरातल्या एका मेंढरासाठी निघालेल्या मेंढपाळाचे आपण अनुयायी आहोत. पटावर नाव असून वर्गात नसलेले मूल शोधणे आपल्याला साजेसे आहे.

येत्या आठवड्यांत कुटुंबे भट्टीवर निघतील. त्यांच्या प्रवासासाठी, मागे राहणाऱ्या लेकरांसाठी आणि एकट्याने शाळा सांभाळणाऱ्या गुरुजींसाठी प्रार्थना करा. प्रभू आपल्या दानाला आणि हातांना आशीर्वाद देवो. आमेन.