इंधन वाचवायचं, पण कुणाच्या जिवावर?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



पेट्रोल, डिझेल, गॅस, कोळसा कमी जाळायला हवा, याबद्दल आपल्यात दुमत नसावं. माझं भांडण वेगळं आहे. 'इंधन वाचवा' म्हटलं की भित्तिपत्रकावर शेगडीपुढची बाई दिसते. मोटारीत एकटाच बसलेला बाप्या क्वचितच दिसतो.

या जमिनीखालच्या तेलाशी आपलं नातं जुनं आहे. १९७२-७३ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईच्या बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा मागण्यांत रॉकेलही होतं. आणि याच रॉकेलनं किती सुना जळाल्या! पंचनाम्यात मात्र 'स्टोव्हचा भडका'. १९८३ साली ४९८ अ आलं, १९८६ साली हुंडाबळीचं ३०४ ब आलं, त्यामागे या जळालेल्या बायका आहेत. म्हणून इंधन हा आपला विषय नाही, असं मला कुणी सांगू नये.

आता काही मंडळी म्हणतात, गॅस सोडा, चूलच बरी. त्यांनी आधी महिनाभर चूल फुंकावी! सरपणाची मोळी, धूर, खोकला, डोळ्यांची आग, हे सगळं बाईच्या वाट्याला येतं. असं वाचवलेलं तेल आपल्याला नको.

२०१६ च्या मे महिन्यात उज्ज्वला योजना सुरू झाली. जोडणी बाईच्या नावावर मिळते, हे चांगलंच. पण १४.२ किलोची पुढची टाकी भरायला पैसे नसले की शेगडी कोपऱ्यात जाते आणि चूल पुन्हा पेटते. शिवाय देशाला लागणारा निम्म्याहून अधिक गॅस बाहेरून येतो. आखातात लढाई पेटली की झळ आपल्या ओट्यापर्यंत पोचते.

मग पर्याय काय? उघड्या भांड्यात पाण्याला एकदा उकळी आली की जाळ मोठा ठेवून डाळ लवकर शिजत नाही, नुसती वाफ उडते. डाळ भिजवावी, झाकण ठेवावं, चांगली उकळी आली की भांडं गवत किंवा जुन्या गोधड्या भरलेल्या पेटीत बंद करावं. आतल्या उष्णतेवर ती शिजत राहते, आणि तेवढा वेळ बाई ओट्यापासून मोकळी. मला ही युक्ती त्यासाठीच जास्त आवडते.

खरकट्यावर, खराब धान्यावर चालणारं छोटं गॅससंयंत्र पुण्याच्या 'आरती' या संस्थेनं तयार केलं. त्याला २००६ साली ॲशडेन पुरस्कार मिळाला. उत्तम. पण रोज खरकटं कालवून कोण घालणार, हे संयंत्र बसवण्याआधी घरात ठरवून घ्या. नाहीतर आपल्या कामांच्या यादीत आणखी एक काम!

आणि स्वयंपाकघराबाहेर पडू या. १७ मार्च २०२३ पासून राज्यात एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे. पण गावात दिवसाला एकच गाडी येत असेल, तर सवलतीचं करायचं काय? भरून गेलेली एक एसटी कितीतरी मोटारसायकलींचं पेट्रोल वाचवते. तेव्हा 'फेऱ्या वाढवा' ही इंधन वाचवण्याचीच मागणी आहे, आणि ग्रामसभेआधीच्या महिलासभेत ती ठरावात आलीच पाहिजे.

तोवर आपापल्या वस्तीतल्या दहा घरांत विचारून या. टाकीचे पैसे कोण देतं? विजेची शेगडी घ्यायची तर कुणाला विचारावं लागतं? गाडीची किल्ली कुणाच्या खिशात असते? पुढच्या बैठकीत या उत्तरांपासूनच सुरुवात करू.