उपासातील थंडी

दत्तजयंतीपूर्वी सात दिवस गुरुचरित्राचे पारायण करावयाचे, तेही केवळ दुधावर, हा आमच्या मातोश्रींचा नेम. दिल्लीच्या डिसेंबरात मात्र तिसऱ्याच दिवशी त्यांचे हातपाय गार पडले. दोन रजया घातल्या, तरी ऊब येईना. येणार कशी? रजई ऊब निर्माण करीत नाही, देहातली राखते. आणि अन्न तुटले की देह आपली चूल मंद करतो, हातापायांकडील रक्त आवरून आतल्या अवयवांना जपतो. मग उन्हात आसन मांडले, दूध ऊन करून थोडेथोडे दिले, पायमोजे चढविले. ते लोकरीचे, म्हणून सोवळ्यात चालले! चौथ्या दिवशी त्या ओळी चुकू लागल्या. गारठ्याने बुद्धीही मंदावते. हे लक्षण धोक्याचे. मी पोथीपुढे ऊन पेज ठेवली. त्या रागावल्या, पण प्याल्या. उरलेले अध्याय त्यांनी खणखणीत आवाजात वाचले.