रुग्णाची वही

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत केलेले भाषण)



‘स्वतःच्या उपचारात रुग्णाचा सहभाग’ या विषयावर मी बोलावे, अशी चिटणीस महाशयांची आज्ञा झाली. विषय मोठा आहे. परंतु भंडारा जिल्ह्यात उभे राहून त्यावर बोलायचे, तर मला एकच आजार पुरेसा वाटतो, तो म्हणजे सिकलसेल. हे नाव आपल्या झाडीपट्टीत आता बहुतेकांना ठाऊक आहे. पण नाव ठाऊक असणे आणि आजार ठाऊक असणे यांत मोठे अंतर आहे.

शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी पाहिल्याची नोंद केली. भारतात हा दोष १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये आढळला आणि १९५८ साली शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारतातील त्याचे अस्तित्व ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडले. इतकी जुनी ही ओळख! तरीही त्यानंतर कित्येक वर्षांनी, मी या व्यवसायात आलो तेव्हा, खेड्यांतून त्याला ‘वाताचे दुखणे’ म्हटलेले मी स्वतः ऐकले आहे.

शरीरातील पाणी कमी झाले, थंडी बाधली, ताप आला किंवा अतिश्रम झाले, की या रुग्णाच्या तांबड्या पेशी ताठर होऊन विळ्यासारख्या वाकतात आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. मग हाडांत, पाठीत, पोटात असह्य कळा सुरू होतात. या कळा मोजणारे यंत्र अद्याप निघालेले नाही. रुग्ण सांगतो तेवढाच त्यांचा पुरावा, आणि माझी चूक झाली ती नेमकी येथेच.

मी उमेदवारी करीत होतो त्या काळातील गोष्ट आहे. रुग्णालय दुसरे होते. त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण दोष माझा होता. श्रावणातली रात्र. सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा आईबरोबर आला. दोन दिवस तो रोवणीला बांधीत उभा होता. पावसात भिजलेला, गुडघाभर गार चिखलात, आणि पाणी पिण्याचे भान नाही. मांड्या व पाठ दुखते म्हणून तो कण्हत होता. नाडी ठीक, ताप नाममात्र. त्याच महिन्यात तो दोनदा येऊन गेला होता. मी परिचारिकेला हळूच म्हणालो, “याला इंजेक्शनची सवय लागलेली दिसते.” ते त्या माउलीने ऐकले. ती भांडली नाही. पिशवीतून तिने शाळेची एक चाळीस पानी वही काढली आणि माझ्यापुढे धरली.

“सायेब, मी समदं लिवून ठेवलं आहे. पाठ त्याची नेहमीच दुखते. पण या खेपेला छाती दुखते म्हणते, अन् दम लागते. असं याच्या आधी कधीच नाही झालं.”

वहीत प्रत्येक दुखण्याची तारीख होती. आदल्या दिवशी काय काम केले, ताप किती होता, कोणते औषध दिले आणि किती वेळाने उतार पडला, हे सारे होते. ती बाई चौथीपर्यंत शिकलेली. मी पुन्हा छाती तपासली, क्ष-किरण चित्र काढवले. फुप्फुसाच्या खालच्या भागात डाग होता. सिकलसेलमध्ये हा प्रकार प्राणावर बेतू शकतो. पहाटेच त्याला नागपूरला रवाना केले आणि तो वाचला. निदान माझ्या नावावर लागले. केले होते ते त्या वहीने.

सहभाग या शब्दाचा अर्थ मला त्या रात्री कळला. डॉक्टरांचा निर्णय रुग्णाने घ्यावा, असा तो नव्हे. वर्षाकाठी मी एखाद्या रुग्णाला फार तर दोन-तीन तास पाहतो. उरलेले वर्ष तो आपल्या घरी, आपल्या शेतात असतो. तेथे काय घडते, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. ते ज्ञान तो मला देईल आणि मी ते ऐकून घेईन, एवढेच मला अभिप्रेत आहे. या दोहोंत दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे, हे मी माझ्या व्यवसायबंधूंना उद्देशून म्हणतो.

एक उदाहरण देतो. सिकलसेलच्या अनेक रुग्णांचे हिमोग्लोबिन एरवीही सात ते नऊच्या घरात असते आणि त्यावर त्यांचे दैनंदिन व्यवहार चाललेले असतात. नव्या डॉक्टरांना हे ठाऊक नसेल, तर आठ हा आकडा पाहून ते रक्त चढविण्याचा विचार करतील. वारंवार व विनाकारण रक्त दिल्याने शरीरात लोह साचते आणि पुढे जुळणारे रक्त मिळणेही कठीण होते. “माझे नेहमीचे हिमोग्लोबिन आठच असते,” हे एक वाक्य रुग्णाला सांगता आले पाहिजे. लोहाच्या गोळ्यांचेही तसेच. रक्त कमी म्हणून दुकानातून आणून त्या घेऊ नयेत. शरीरात लोह खरोखर कमी आहे का, ते आधी तपासावे लागते. फॉलिक ॲसिड मात्र नियमित घ्यावे. हायड्रॉक्सियुरिया सुरू असेल तर ठरलेल्या मुदतीत रक्ततपासणी चुकवू नये. निर्जळी उपवास या रुग्णांनी करू नयेत. देव रागावणार नाही.

विवाहाचा प्रश्न याहून नाजूक. वाहक व्यक्ती, म्हणजे ज्याच्या अहवालात एएस लिहिलेले असते ती, आजारी नसते. परंतु आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणी मूल एसएस, म्हणजे रुग्ण, असण्याची शक्यता चारांत एक असते. पहिले मूल निरोगी झाले म्हणून दुसऱ्याची शक्यता घटत नाही. ही गोष्ट लपविण्याकडे आपला कल असतो, विशेषतः मुलीच्या बाबतीत. मुलाची तपासणी न मागता केवळ मुलीचा अहवाल मागणारी स्थळे मी पाहिली आहेत. हा अन्याय तर आहेच. शिवाय शास्त्रदृष्ट्याही निरर्थक आहे.

एका कुटुंबाचे ज्ञान कोठवर पोहोचू शकते, हे नागपूरच्या संपत रामटेके यांनी दाखवून दिले. मुलाच्या आजारातून ते या कार्यात उतरले, सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया उभी केली आणि २०१८ साली पद्मश्रीचे मानकरी ठरले. ते डॉक्टर नव्हेत, एक पिता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला, यामागे अशा कुटुंबांचा रेटा आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. तपासण्या आता पुष्कळ होतील. पण अहवालाचा कागद हाती ठेवून “पुढे चला” म्हणायचे असेल, तर तो कागद ट्रंकेतच राहील.

आता देणगीदारांना एक विनंती, थोडी स्पष्ट बोलतो. यंत्रासाठी देणगी सहज मिळते, कारण यंत्रावर नावाची पाटी लावता येते. रुग्णाशेजारी अर्धा तास बसून त्याचा अहवाल त्याच्या बोलीत समजावून सांगणाऱ्या समुपदेशकाच्या वेतनासाठी आजवर कोणी पाकीट दिल्याचे मला स्मरत नाही. कोणी पुढे आल्यास बाह्यरुग्ण विभागात त्यासाठी एक खोली मोकळी करण्याची जबाबदारी मी घेतो.

विश्वस्तांकडे दुसरी मागणी वहीची आहे. चाळीस पानांची, साध्या कागदाची, प्रत्येक सिकलसेल रुग्णासाठी एक. पहिल्या पानावर रक्ताचा प्रकार, नेहमीचे हिमोग्लोबिन, चालू औषधे आणि नातेवाइकाचा दूरध्वनी क्रमांक. त्याखाली ठळक अक्षरांत: १०१ अंशांवर ताप, छातीत दुखणे किंवा दम लागणे, अंगाची एक बाजू लुळी पडणे, लहान मुलाचे पोट एकाएकी फुगून ते पांढरे पडणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता निघावे. उरलेली पाने कोरी ठेवावीत. रोवणीच्या आधी, मृगात त्या छापून हाती आल्या तर बरे होईल.