राष्ट्राचे उत्पन्न आणि गरिबाची भाकर



राष्ट्राचे उत्पन्न वाढले म्हणजे भूक आपोआप नाहीशी होते, अशी समजूत रूढ आहे. मी वकील आहे; समजुतीपेक्षा पुरावा पाहण्याची मला सवय आहे. म्हणून तीन देशांची साक्ष आपणांपुढे ठेवतो.

पहिली साक्ष बांगलादेशाची. १९७४ साली तेथे दुष्काळ पडला. त्या वर्षी दरडोई धान्य आगेमागच्या वर्षांपेक्षा कमी नव्हते, उलट अधिक होते, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या ग्रंथात दाखवून दिले. मग माणसे का मेली? पुराने शेतमजुरांचे काम गेले आणि तांदळाचे भाव कडाडले. धान्य होते, मजुराचा त्यावर हक्क नव्हता.

दुसरी साक्ष ब्राझीलची. १९६८ ते १९७३ या काळात तेथील उत्पन्न दरसाल सुमारे दहा टक्क्यांनी वाढले, तरी गरिबांची उपासमार हटली नाही. २००३ पासून सरकारने गरीब कुटुंबांना रोख साहाय्य दिले, किमान वेतन वाढविले. २०१० मध्ये अन्नाचा हक्क राज्यघटनेत लिहिला. २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या भुकेच्या नकाशातून त्या देशाचे नाव वगळले गेले. पुढे मंदी आली, योजना ढिल्या पडल्या आणि नाव परत आले. २०२५ मध्ये ते पुन्हा वगळण्यात आले.

तिसरी साक्ष आपल्याच देशाची. २००१ साली सरकारी कोठारांत पाच कोटी टनांहून अधिक धान्य असताना खेड्यांत माणसे उपाशी होती. त्याच वर्षी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, शाळांत शिजविलेले अन्न देण्याचा आदेश निघाला, आणि २०१३ मध्ये अन्नसुरक्षेचा कायदा झाला. तथापि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील शंभरांपैकी पस्तीस मुले वयाच्या मानाने खुजी आढळली.

उत्पन्नाची वाढ नको, असे मी म्हणत नाही. रिकाम्या तिजोरीतून कोणताही कायदा पोट भरू शकत नाही. परंतु तिजोरीतून ताटापर्यंतची वाट हक्काने बांधावी लागते, आणि ती राखावीही लागते.

म्हणून कायदा नीट समजून घ्या. अग्रक्रमाच्या कुटुंबातील प्रत्येक माणसास दरमहा पाच किलो धान्य मिळावयाचे आहे. शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातील वडील स्त्रीचे नाव असावयाचे आहे. हक्काचे धान्य मिळाले नाही, तर त्याबद्दल भत्ता मागता येतो आणि जिल्ह्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. दुकानदारासमोर हात जोडून उभे राहू नका. शिधापत्रिका पुढे करा आणि माप पुरते घ्या.